मुसीला आवरणारे विश्वेश्वरय्या
सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचे इंजिनियरिंगचे शिक्षण पुण्यास झाले व १८८४ साली नोकरीचा आरंभ नाशिकास. म्हणून आम्हा मराठी मंडळींस ते आपलेच वाटतात.

दि. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या महापुरात आमच्या हैदराबादेतील हजारो माणसे दगावली. निजाम सरकारच्या बोलावण्यावरून ते १९०९ साली येथे आले. काठ उंच करावेत, एवढेच आम्हांस सुचले असते. त्यांनी मात्र वरच्या अंगाचा सारा मुलूख तपासला. तेथील अनेक तलाव फुटून पूर वाढला होता. शहराच्या वर मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर धरणे बांधून पूर तेथेच अडवावा, अशी योजना त्यांनी दिली. उस्मानसागर १९२० साली व हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. शहरास पिण्याचे पाणीही तेथूनच मिळू लागले.

शंभरी ओलांडून १९६२ साली ते बंगळूर येथे निवर्तले.