मूडीसाहेब आणि नदीकाठचे उन्हाळी शिबिर

उन्हाळ्याच्या सुट्टीत ख्रिस्ती तरुणांना गावापासून दूर, झाडांच्या सावलीत, प्रार्थनेसाठी व शास्त्राभ्यासासाठी काही दिवस एकत्र नेण्याची चाल आता पुष्कळ देशांत रूढ आहे. ज्या सेवकांमुळे ती दृढ झाली, त्यांत अमेरिकेतील ड्वाइट मूडी हे प्रमुख होत. त्यांच्या एका शिबिरात जो अग्नी पेटला, त्याची ठिणगी कोल्हापुरात जन्मलेल्या एका तरुणाने नेली होती. म्हणून ही कथा आपणांस परकी नाही.

मूडी यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८३७ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॉर्थफील्ड या खेड्यात झाला. ते चार वर्षांचे असता वडील वारले. सावकारांनी घरातील सरपणसुद्धा नेले. विधवा आईने मोठ्या कष्टाने नऊ लेकरे वाढविली. अशा घरात शिक्षण ते किती मिळणार? मूडी यांचे शुद्धलेखन जन्मभर कच्चेच राहिले.

सतराव्या वर्षी ते बोस्टन शहरी मामाच्या जोड्यांच्या दुकानात नोकरीस लागले. तेथे एडवर्ड किंबल नावाचे रविवारच्या शाळेचे शिक्षक होते. १८५५ सालच्या एप्रिलात एके दिवशी ते दुकानाच्या मागील बाजूस गेले आणि माल बांधीत असलेल्या या पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्यास ख्रिस्ताच्या प्रीतीविषयी सांगितले. त्या दिवशी मूडी यांनी आपले अंतःकरण प्रभूला दिले. परंतु मंडळीच्या वडिलांनी परीक्षा घेतली तेव्हा त्यांस धड उत्तरे देता आली नाहीत, आणि सभासदत्वासाठी त्यांस सुमारे वर्षभर थांबावे लागले. मंडळीने थांबविलेल्या याच तरुणाच्या तोंडून पुढे लक्षावधी लोकांनी सुवार्ता ऐकली.

१८५६ साली ते शिकागोस गेले. तेथे गल्लीबोळांतील उनाड मुले गोळा करून त्यांनी शाळा चालविली, आणि १८६० साली चांगला चाललेला धंदा सोडून ते सर्वस्वी प्रभूच्या सेवेस लागले. १८७३ ते १८७५ या काळात गायक सँकी यांच्यासह त्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथे मोठ्या सभा घेतल्या. नंतर ते आपल्या खेड्यात परतले. गरिबांच्या लेकरांना आपल्यासारखे अडाणी राहावे लागू नये, म्हणून त्यांनी १८७९ साली नॉर्थफील्ड येथे मुलींची, व १८८१ साली कनेटिकट नदीपलीकडे मौंट हर्मन येथे मुलांची शाळा काढली.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहण्यास मात्र हा अल्पशिक्षित उपदेशक कचरत असे. १८८२ साली केंब्रिज येथे विद्यार्थ्यांनी पहिल्याच रात्री त्यांची टर उडविली होती. मूडी रागावले नाहीत. त्यांनी प्रार्थना केली व सभा चालू ठेवल्या. तो आठवडा संपण्यापूर्वी हसणाऱ्यांपैकीच कित्येकांची मने पालटली.

पुढे तरुण ख्रिस्ती संघाचे लूथर विशर्ड यांनी आग्रह धरला, आणि १८८६ सालच्या जुलैत मौंट हर्मनच्या शाळेत निरनिराळ्या कॉलेजांतील सुमारे अडीचशे विद्यार्थी जमले. जवळजवळ चार आठवडे हे शिबिर चालले. सकाळी शास्त्राचा अभ्यास होई. दुपारी मुले मोकळी असत. कोणी नदीत पोहत, कोणी चेंडू खेळत, कोणी डोंगर चढत. देह ताजा झाला म्हणजे मनही ऐकावयास तयार होते, हे शेतात वाढलेल्या मूडी यांस ठाऊक होते.

परदेशात सुवार्ता नेण्याचा विषय आरंभी कार्यक्रमात नव्हताच. तो आणला रॉबर्ट वाइल्डर याने. त्याचे वडील रॉयल वाइल्डर हे कोल्हापूरचे मिशनरी, आणि रॉबर्टचा जन्म १८६३ साली तेथलाच. शिबिरास निघण्यापूर्वी तो व त्याची बहीण ग्रेस यांनी तेथून शंभर सेवक निघावेत अशी प्रार्थना केली होती. रॉबर्टने आधी मनाने तयार असलेले थोडे विद्यार्थी शोधून काढले, आणि ते रोज एकत्र प्रार्थना करू लागले. हळूहळू ही गोष्ट झाडाखाली फिरताना एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली. मूडी यांनी तरुणांचा हा बेत मोडला नाही. त्यास वाट करून दिली. एका संध्याकाळी दहा राष्ट्रांतील तरुणांनी उठून आपापल्या देशाची गरज मांडली. शिबिर संपण्याच्या सुमारास नव्व्याण्णव जण तयार झाले होते, आणि शेवटच्या प्रार्थनेत शंभरावा येऊन गुडघे टेकून बसला!

या शंभरांत जॉन मॉट होते. त्यांस १९४६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १८८८ साली या चळवळीस संघाचे रूप आले, आणि पुढील काळात हजारो तरुण तरुणी तिच्याद्वारे देशोदेशी गेली. रॉबर्टही हिंदुस्थानात परतला व त्याने पुण्याच्या विद्यार्थ्यांत सेवा केली.

नॉर्थफील्ड येथे मूडी यांच्या घराजवळ एक लहानशी टेकडी आहे. उन्हाळी मेळाव्यांच्या वेळी सूर्य मावळताना तरुण तेथे गवतावर बसून प्रार्थना करीत. २२ डिसेंबर १८९९ रोजी मूडी यांनी देह ठेवला, आणि त्याच टेकडीवर त्यांस पुरण्यात आले.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीची मुले शिबिरास निघाली म्हणजे आपण त्यांच्या भाकरीची व अंथरुणाची काळजी करतो, ती योग्यच आहे. पण ग्रेस व रॉबर्ट यांच्याप्रमाणे आधी गुडघे टेकणारे कोणी आहे काय? आणि एखादे पोर परत येऊन आपला नवा निश्चय सांगू लागले, तर आपण त्यास अडविणार, की मूडीसाहेबांप्रमाणे बाजूस सरून वाट देणार?