वैऱ्याला भागीदार करणारे रॉबर्ट शुमान

फ्रान्स आणि जर्मनी हे शेजारी १८७० ते १९४० या सत्तर वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढले. हे पिढीजात वैर मिटावे म्हणून झटलेल्या एका श्रद्धावंत राजकारण्याची आज आपण ओळख करून घेऊ या.

रॉबर्ट शुमान यांचा जन्म २९ जून १८८६ रोजी लक्झेंबर्ग येथे झाला. वडील सीमेवरच्या लोरेन प्रांतातले. त्यांचा भाग १८७१ साली जर्मनीने जिंकून घेतला होता. त्यामुळे शुमान जन्माने जर्मन नागरिक ठरले. पहिल्या महायुद्धानंतर तो भाग फ्रान्सला परत मिळाला आणि ते फ्रेंच झाले. १९११ साली आई अपघातात वारली, तेव्हा धर्मगुरू होण्याचा विचार त्यांच्या मनात आला. पण मित्राच्या सल्ल्याने त्यांनी प्रापंचिक राहूनच सेवा करायचे ठरवले. वकिली केली, १९१९ साली खासदार झाले. ते अविवाहित राहिले. रोजची मिस्सा मात्र कधी सोडली नाही.

१९४० साली नाझी पोलिसांनी त्यांना अटक केली. १९४२ साली ते निसटले आणि फ्रान्स मुक्त होईपर्यंत लपून राहिले. एवढे सोसलेल्या माणसाने सूड मागितला असता, तर कोणी नवल केले नसते.

परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांनी वेगळी वाट धरली. तोफांना पोलाद लागते आणि पोलादाला कोळसा. लोखंडाच्या खाणी फ्रान्सकडे, कोळशाच्या जर्मनीकडे. जाँ मोने या सहकाऱ्याने आखलेली योजना शुमान यांनी ९ मे १९५० रोजी जाहीर केली: दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एकाच संयुक्त मंडळाच्या देखरेखीखाली आणायचे. जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉर यांनी आधीच होकार कळवला होता. दोन भावांची शेती एकाच विहिरीवर असली की भांडण विकोपाला नेणे दोघांनाही परवडत नाही, तसेच हे!

१९५१ साली सहा देशांनी करारावर सह्या केल्या. त्यातूनच पुढे युरोपीय संघ उभा राहिला. त्या सहा देशांत पुन्हा आपसांत युद्ध झालेले नाही.

शुमान ४ सप्टेंबर १९६३ रोजी प्रभूघरी गेले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले.

आपल्याकडेही बांधावरून, वाटेवरून अबोला धरलेली घरे आहेत. शेजाऱ्याशिवाय आपले चालत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. समेटाची सुरुवात दोघांना लागणाऱ्या एखाद्या कामापासून करता येईल का, याचा या आठवड्यात आपण विचार करू या.