सोलापूरचा डॉक्टर परत का आला नाही?

चाकूरहून लातूरला क्लाससाठी जाणाऱ्यांत ‘नीट’वाले किती असतात, हे तुम्हाला सांगायला नको. डॉक्टर कसं व्हायचं हे सगळेच सांगतात. झाल्यावर त्या कामात माणूस टिकतो कशानं, हे कुणी सांगत नाही. म्हणून इथून काही तासांवरच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस बघा.

जन्म १९१०चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. जपाननं चीनवर हल्ला केला होता, चीननं नेहरूंकडे मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. तिकडे असतानाच वडील गेल्याचं कळलं, तरी कोटणीस परतले नाहीत. पुढे चोळकर, मुखर्जी, अटल मायदेशी आले. बसू आणि कोटणीस मागे राहिले.

नोकरीतलं समाधान म्हटलं की आपण पगार, ड्यूटीचे तास, राहायची सोय बघतो. बघायलाच हवं! पण तिथं यातलं काय होतं? आघाडीजवळचं काम, औषधांची टंचाई. १९४० मध्ये एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. मग टिकले कशावर? मला तरी वाटतं, शिकलेलं सगळं तिथं रोज कामी येत होतं. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, म्हणजे विश्वासही होता. चिनी शिकून ते त्याच भाषेत पोरांना सर्जरी शिकवायचे. नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्याच वर्षी लग्न झालं. सोबतची माणसं परकी राहिलीच नव्हती.

इथवर छान. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही काढला. पण त्याग म्हणून नुसत्या टाळ्या वाजवायला मन धजत नाही. कोटणीसांना फिट्स येत होत्या, तरी काम थांबलं नाही. मन कामात कितीही रमो, शरीराला झोप लागतेच. रात्रपाळी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा ओपीडीत उभं राहणाऱ्या कुठल्याही इंटर्नला विचारा.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं इनह्वा, इन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबरला कोटणीस गेले, वय ३२. बाळ तेव्हा चार महिन्यांचंही नव्हतं.