जॉन पौंड्स : चांभाराच्या दुकानातील शाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ म्हणून आरमाराचे मोठे बंदर आहे. तेथील सेंट मेरी नावाच्या रस्त्यावर शंभर-सव्वाशे नव्हे, दोनशे वर्षांपूर्वी एका चांभाराचे लहानसे लाकडी दुकान होते. रुंदी सुमारे ६ फूट व लांबी सुमारे १८ फूट. आपल्या खेड्यातील गुरांचा गोठाही पुष्कळदा याहून मोठा असतो. अशा जागेत एका वेळी तीस-चाळीस मुले दाटीवाटीने बसून शिकत असत, आणि त्यांच्या मध्यभागी मांडीवर जोडा घेऊन, हातात आरी धरून, एक पंगू मनुष्य त्यांचा पाठ ऐकत असे. त्याचेच नाव जॉन पौंड्स.

त्याचा जन्म सन १७६६ मध्ये झाला. बाप सरकारी गोदीत लाकूड कापण्याचे काम करी. बाराव्या वर्षी जॉनलाही त्याच गोदीत जहाजे बांधण्याचे काम शिकावयास ठेविले. मुलगा धट्टाकट्टा होता. परंतु पंधराव्या वर्षी तो उंचावरून कोरड्या गोदीच्या तळाशी पडला व त्याची मांडी मोडली. जीव वाचला, शरीर मात्र जन्माचे वाकडे झाले. जहाजाचे काम गेले. तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून तो जोडे शिवण्यास शिकला, आणि सन १८०३ पासून स्वतःच्या दुकानात जुने जोडे दुरुस्त करून पोट भरू लागला. (ज्या विल्यम केरीसाहेबांनी सन १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापिले, तेही पूर्वी जोडेच शिवीत होते, हे येथे सहज आठवते.)

त्याने लग्न केले नाही. भावाचा एक मुलगा पायांनी अधू जन्मला होता, त्यास त्याने आपल्याजवळ आणिले. पाय सरळ करण्याचे यंत्र श्रीमंतांच्या मुलांस मिळे. जॉनने ते पाहून जुन्या जोड्यांच्या कातड्याचे तसेच एक केले, व मुलाचे पाय सुधारले. पुढे त्यास वाचावयास शिकवू लागला. एकटा मुलगा कंटाळतो म्हणून शेजारच्या गरीब बाईचे मूल जोडीस घेतले. मग दुसरे आले, तिसरे आले. सन १८१८ च्या सुमारास ती शाळाच झाली.

त्या काळी इंग्लंडात शाळा नव्हत्या असे नाही. परंतु फी द्यावी लागे, अंगावर धड कपडे लागत, आणि मुलाला कोणी तरी पालक असावा लागे. बंदरात तर अशी पुष्कळ पोरे भटकत, की ज्यांस रात्री कोठे निजावे याचाच ठिकाणा नसे. धक्क्यावर, गल्लीबोळांत, मिळेल ते खाऊन ती राहत. कोणतीही शाळा त्यांस दाराशी उभे करीत नव्हती. जॉनची रीत उलटी होती. जागा थोडी असल्यामुळे सर्वांस घेता येत नसे, तेव्हा तो सर्वांत फाटके, सर्वांत द्वाड पोर आधी निवडी. खिशात भाजलेले ऊन ऊन बटाटे घालून तो धक्क्यावर जाई व भुकेल्या मुलापुढे एक धरी. याला कोणी लाच म्हणेल. मी म्हणणार नाही. रिकाम्या पोटी अक्षर डोक्यात शिरत नाही, हे ज्यांनी ओसरीवर किंवा झाडाखाली वर्ग चालविला आहे त्या आपल्या शिक्षक बंधूंस सांगावयास नको.

पुस्तके विकत घेण्यास पैसा कोठला? भिंतीवर चिकटविण्याच्या जाहिराती व फाटक्या पुस्तकांची पाने यांवरून तो वाचन शिकवी; लेखन व हिशेब पाटीवर होई. पवित्र शास्त्र होतेच. शिवाय आपले जेवण आपण रांधणे व आपला जोडा आपण सांधणे, हेही मुलांस शिकविले जाई. मुलीही येत. बोलणे त्याचे रांगडे असे, पण पाळलेले पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसत, आणि मुलेही तशीच निर्धास्त असत. शब्बाथशाळेस जाण्याजोगे कपडे मुलांजवळ नसत, म्हणून त्याने काही मिळवून ठेविले होते. रविवारी सकाळी ते द्यावयाचे व संध्याकाळी परत घ्यावयाचे. फी म्हणून त्याने कोणाकडून एक दिडकीही घेतली नाही. त्याच्या हाताखालून सुमारे ५०० मुले गेली असे म्हणतात. कधी कोणी उंच खलाशी दुकानाच्या दारात वाकून आत येई व त्याचा हात धरी. तोच त्याचा पगार.

सन १८३९ च्या जानेवारीच्या १ तारखेस, एका उपकारकर्त्या गृहस्थाच्या घरी एका मुलास घेऊन गेला असता, तो एकाएकी कोसळून मरण पावला. वय ७२ होते. दुकान बंद झाले, आणि मुले दाराशी येऊन रडत उभी राहिली.

दुकानात शिकविणाऱ्या जॉनचे एक चित्र कोणी काढिले होते. त्याची छापील प्रत स्कॉटलंडातील अँस्ट्रदर गावच्या एका खाणावळीत टांगलेली होती. तेथे थांबलेल्या टॉमस गथ्री नावाच्या पाळकांच्या दृष्टीस ती पडली. पाळक असून आपण या चांभाराइतके केले नाही, याची त्यांस लाज वाटली. सन १८४७ मध्ये त्यांनी एडिंबरो शहरात रस्त्यावरील मुलांकरिता शाळा काढिली, व तेथे शिक्षणाबरोबर जेवणही दिले. लंडनमध्ये अशा शाळांचा संघ सन १८४४ पासूनच होता व लॉर्ड शाफ्ट्सबरी त्याचे अध्यक्ष होते. सरकार मात्र हळू चालले. शाळा पुरविण्याचा कायदा सन १८७० मध्ये झाला, मुलांस शाळेत पाठविणे सन १८८० मध्ये सक्तीचे झाले, आणि प्राथमिक शाळांतील फी बहुतेक ठिकाणी गेली ती सन १८९१ मध्ये. जॉन पौंड्सला जाऊन तेव्हा ५२ वर्षे झाली होती.