जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी, १८४० - २३ ऑक्टोबर, १९२१) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले पशुवैद्य व संशोधक होते. व्यवहारात टिकेल असा पहिला हवेचा टायर त्यांनी १८८७ ते १८८८ या काळात बेलफास्ट येथे तयार केला. हवा भरलेल्या टायरची कल्पना त्यांच्याही आधी रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने मांडली होती. मात्र तिचा वापर सर्वसामान्य वाहनांपर्यंत पोहोचला तो डनलॉप यांच्या प्रयोगानंतरच. सायकल, मोटार, मालवाहू गाडी आणि वेगवान शर्यतीची गाडी या सर्वांच्या चाकांचा इतिहास त्यांच्या नावाशी जोडलेला आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी झाला. जन्म नियत काळाच्या दोन महिने आधी झाल्याचे आईकडून कळल्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, असा त्यांचा आयुष्यभर समज राहिला व ते त्या बेताने वागत. प्रत्यक्षात वृद्धापकाळापर्यंत त्यांना कोणताही गंभीर आजार झाला नाही.

एडिनबरा येथील डिक पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पशुवैद्य झाले. सुमारे दहा वर्षे स्कॉटलंडमध्ये व्यवसाय केल्यानंतर १८६७ च्या सुमारास ते आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक येथे स्थायिक झाले. तेथे बंधू जेम्स यांच्यासोबत त्यांनी जनावरांचा दवाखाना चालवला. मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये होती. पुढे त्यांनी बेलफास्टमधील मे स्ट्रीट येथे दवाखाना काढला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा व्यवसाय आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक झाला होता.

पशुवैद्यकीय कामामुळे त्यांना रबरी वस्तू हाताळण्याचा सराव होता. तसेच घोडागाडीतून खडबडीत रस्त्यांवर दूरवर फिरावे लागत असल्याने चाकांच्या हादऱ्यांचा त्यांना रोजचा अनुभव होता.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत घोडागाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवली जात असे. सायकलींना भरीव रबराच्या अरुंद पट्ट्या असत. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाने १८३९ मध्ये रबर व गंधक एकत्र तापवण्याची प्रक्रिया शोधली होती. या प्रक्रियेमुळे रबर उन्हाळ्यात चिकट व हिवाळ्यात ठिसूळ होण्याचे थांबले. तरीही भरीव रबरी पट्टी रस्त्याचा हादरा पुरेसा शोषून घेत नसे. दगडावरून जाताना चाक वर उचलले जाई आणि पुढे जाण्यासाठी लावलेल्या शक्तीचा काही भाग त्यातच वाया जाई.

थॉमसन यांनी १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्यानंतर फ्रान्स व अमेरिकेतही त्यांनी पेटंट मिळवले. त्यांचे टायर घोडागाड्यांवर वापरून पाहण्यात आले, पण तेव्हा सायकलींचा प्रसार झालेला नव्हता, पातळ रबर महाग होते आणि बाजारात मागणी नव्हती. त्यामुळे तो शोध मागे पडला व जवळजवळ विसरला गेला. डनलॉप यांना त्याची माहिती नव्हती.

हवेच्या टायरचा प्रयोग

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. भरीव टायरच्या तीनचाकी सायकलवरून दगडी फरसबंदीच्या रस्त्याने जाताना त्याला फार हादरे बसत. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी सुमारे ९६ सेंटीमीटर व्यासाची लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून त्यांनी नळी बनवली, तबकडीच्या कडेवर ती तागाच्या कापडाच्या आवरणाने ठोकून बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

यानंतर मुलाच्या सायकलचे भरीव टायरचे चाक व ही तबकडी त्यांनी अंगणात एकामागून एक गडगडत सोडली. भरीव टायरचे चाक वाटेतच थांबून आडवे पडले. हवेची तबकडी मात्र अंगणाच्या टोकापर्यंत गेली व फाटकाच्या खांबावर आपटून परत फिरली. दोन्ही वेळा हाताने दिलेला जोर जवळपास सारखाच असल्याने या साध्या चाचणीतून एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. हवेचा टायर केवळ आरामदायी नव्हता, तर तेवढ्याच शक्तीत अधिक अंतर जाणाराही होता.

१८८८ च्या आरंभी सायकलच्या दोन्ही मागील चाकांना असे टायर बसवण्यात आले. त्यानंतर दुचाकी सायकलवर चाचण्या झाल्या. २३ जुलै १८८८ रोजी डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला व ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. बेलफास्टमधील एडलिन आणि कंपनी या सायकल उत्पादकांनी हवेच्या टायरसाठी योग्य अशा रुंद चौकटीच्या सायकली बनवण्यास सुरुवात केली.

शर्यतीतील यश

नवा टायर लोकांना पटला तो शर्यतीच्या मैदानावर. बेलफास्ट क्रूझर्स सायकलिंग क्लबचा कर्णधार विली ह्यूम याने हवेच्या टायरची सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर झालेल्या स्पर्धेत त्याने भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. त्याच्या सायकलचे जाडजूड टायर पाहून प्रेक्षकांनी आधी थट्टा केली होती. ह्यूम हा त्या काळचा सर्वांत बलवान सायकलपटू मानला जात नव्हता, त्यामुळे या यशाचे श्रेय टायरला देण्यात आले. त्यानंतर लिव्हरपूल येथील स्पर्धांमध्येही त्याला मोठे यश मिळाले. अल्पावधीतच शर्यतीत उतरणारे सायकलपटू भरीव टायर काढून हवेचे टायर बसवू लागले.

आयरिश सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष हार्वे डू क्रॉस यांचे मुलगेही सायकलपटू होते. या टायरचे व्यापारी महत्त्व ओळखून डू क्रॉस यांनी १८८९ मध्ये डब्लिन येथे २५,००० पौंड भांडवलाची कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला. डनलॉप यांनी आपले पेटंट या कंपनीला दिले. त्या बदल्यात त्यांना काही रोख रक्कम व समभाग मिळाले.

पेटंटचा वाद

कंपनी स्थापन झाल्यानंतर थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आले. हवेच्या टायरचे मूळ तत्त्व आधीच नोंदवलेले असल्याने डनलॉप यांचे पेटंट अवैध ठरवण्यात आले. त्यामुळे कोणत्याही उत्पादकाला हवेचा टायर बनवणे शक्य झाले व कंपनीसमोर अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला.

कंपनी वाचली ती टायर बदलण्याच्या सोयीमुळे. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला चिकटवलेला असे. काटा टोचून ट्यूब पंक्चर झाल्यास आवरण उसवून, दुरुस्ती करून ते पुन्हा चिकटवावे लागे व यात कित्येक तास जात. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार असलेला, तर विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी कडा रिममध्ये अडकणारा टायर शोधला. दोन्ही टायर रिमवरून काढून पुन्हा बसवता येत. डू क्रॉस यांनी या दोघांचीही पेटंटे विकत घेतली. आजच्या टायरची तारयुक्त कड वेल्च यांच्या रचनेवर आधारलेली आहे.

फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनीही काढता येणारा टायर तयार केला. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकल शर्यतीत मिशेलिन टायर वापरणाऱ्या शार्ल तेरों याने डनलॉप टायर वापरणाऱ्या झिएल-लावाल याला मागे टाकले. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत वेगाइतकेच टायर लवकर बदलता येण्याला महत्त्व आहे, हे या लढतीतून स्पष्ट झाले.

डब्लिनमधील कारखान्यातून येणाऱ्या रबर व नॅफ्थाच्या वासाबद्दल तक्रारी झाल्यामुळे १८९० च्या दशकाच्या आरंभी उत्पादन इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे हलवण्यात आले.

उत्तरायुष्य

डनलॉप १८९० च्या दशकाच्या मध्यास कंपनीतून बाहेर पडले. १८९६ मध्ये अर्नेस्ट टेरा हूली या भांडवलदाराने हा व्यवसाय ३० लाख पौंडांना विकत घेतला व लगेच ५० लाख पौंडांच्या नव्या कंपनीच्या रूपाने जनतेला विकला. या व्यवहारातील मोठ्या नफ्यात डनलॉप यांचा वाटा नव्हता. नंतर जगभर पसरलेल्या उद्योगाला त्यांचे नाव मिळाले, परंतु त्याच्या कारभाराशी त्यांचा संबंध उरला नव्हता. डब्लिनमध्ये त्यांनी टॉड, बर्न्स आणि कंपनी या कापड व्यापारी पेढीत गुंतवणूक केली होती.

कंपनी जाहिरातींमध्ये त्यांच्या दाढीधारी चेहऱ्याचा वापर करत असे. काही जाहिरातींत त्यांना उंच रेशमी टोपी व हातात छडी असलेल्या छानछोकी गृहस्थाच्या रूपात दाखवण्यात आले. साध्या राहणीच्या डनलॉप यांना ते अपमानास्पद वाटले व त्यांनी कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. आयर्लंडमध्ये हा खटला चालवता येईल का, हा प्रश्न ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. डनलॉप रबर कंपनी विरुद्ध डनलॉप या नावाने तो कायद्याच्या अहवालांत नोंदलेला आहे.

ऑक्टोबर १९२१ मध्ये थंडी बाधून ते आजारी पडले व २३ ऑक्टोबर रोजी डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातील राहत्या घरी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डब्लिनजवळील डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले. टायरच्या इतिहासाविषयी त्यांनी केलेले लेखन त्यांच्या मुलीने त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

टायरचा पुढील विकास

१८९५ मध्ये पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार चालवली. टायर वारंवार पंक्चर झाल्याने त्यांना यश मिळाले नाही, परंतु मोटारीसाठी हवेचा टायर वापरता येतो हे सिद्ध झाले. आडव्या-उभ्या विणीचे कापड वळताना एकमेकांवर घासून झिजत असे. त्याऐवजी समांतर दोऱ्यांचे थर वापरात आल्यावर टायरचे आयुष्य वाढले. रबरात काजळी मिसळल्याने झीज कमी झाली व टायरला आजचा काळा रंग मिळाला. १९४६ मध्ये मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. या रचनेत टायरची बाजू लवचीक व तळ ताठ राहतो, त्यामुळे वळणावर तळाचा अधिक भाग रस्त्याला टेकलेला असतो.

वेगवान गाड्यांनी टायरची खरी परीक्षा पाहिली. २९ मार्च १९२७ रोजी हेन्री सीग्रेव्ह यांनी डेटोना येथे ताशी २०० मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडला. तेव्हा त्यांच्या सनबीम गाडीला खास बनवलेले डनलॉप टायर होते व ते त्या वेगाने केवळ काही मिनिटेच टिकण्यासारखे होते. १९५० च्या दशकात ले माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत जग्वार गाड्यांनी मिळवलेले विजयही डनलॉप टायरवरील होते.

आजच्या स्पोर्ट्स कारचे झिजलेले टायर बदलताना जे मुद्दे पाहिले जातात, त्यांची मुळे याच इतिहासात आहेत. टायरच्या बाजूवर २२५/४५ आर १७ असा आकडा असल्यास टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रचना रेडियल व रिमचा व्यास १७ इंच असतो. वेगमर्यादा अक्षराने दर्शवली जाते. उदाहरणार्थ, व्ही या अक्षराचा अर्थ ताशी २४० किलोमीटर, डब्ल्यूचा २७० व वायचा ३०० किलोमीटर असा आहे. मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट पकडतो पण लवकर झिजतो, तर कठीण रबराचा टायर अधिक काळ टिकतो पण पकड कमी देतो. खोल खाचा ओल्या रस्त्यावरील पाणी बाहेर टाकतात. खाचा जवळजवळ नसलेला शर्यतीचा टायर कोरड्या मार्गावर सर्वोत्तम असला तरी पावसात धोकादायक ठरतो. त्यामुळे सर्व परिस्थितींत सर्वोत्तम ठरेल असा एकच टायर नसतो.

रबराची मागणी व तिचे परिणाम

हवेच्या टायरमुळे रबराची जागतिक मागणी झपाट्याने वाढली. तेव्हा रबर मुख्यतः ॲमेझॉन व काँगोच्या जंगलांतून येत असे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमध्ये रबर गोळा करण्यासाठी स्थानिक लोकांवर भयंकर अत्याचार झाले. पुढे मलाया, श्रीलंका व केरळ येथील मळ्यांतून रबर मिळू लागले.

भारतातील प्रसार

भारतात डनलॉप कंपनीची शाखा १९२६ मध्ये स्थापन झाली व १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे तिचा कारखाना सुरू झाला. सायकल व मोटारीबरोबरच बैलगाडीलाही हवेचे टायर बसवले जाऊ लागले. लोखंडी धावेचे अरुंद चाक पावसाळ्यात काळ्या मातीत रुतते. रुंद टायरमध्ये भार अधिक जागेवर विभागला जात असल्याने तो कमी रुततो व बैलांना ओढ कमी लागते. महाराष्ट्रात ऊस वाहतुकीसाठी टायर बैलगाड्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो.

सन्मान व स्मृती

उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर डनलॉप यांचे चित्र छापण्यात आले. २००५ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. १९८० च्या दशकात मूळ ब्रिटिश कंपनीचे विभाजन झाले व तिचे निरनिराळे व्यवसाय वेगवेगळ्या मालकांकडे गेले. डनलॉप हे नाव मात्र आजही जगभर टायरवर छापले जाते.