शिष्यवृत्ती संपली, संशोधन थांबले नाही
१९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संशोधन अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. विद्यापीठाने मात्र दार बंद केले नाही. चार वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकत, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर, १९२७ साली हाती पडली.

पैसा, मुदत आणि मार्गदर्शक या तिन्हींवर संशोधन उभे राहते. एक पैसा तुटला, तर बाबासाहेबांचीही तीन वर्षे गेली. मग पहिल्या पिढीच्या आपल्या संशोधकाचे काय? विद्यापीठांनी फेलोशिप वेळेवर द्यावी, अडचणीत मुदतवाढ द्यावी, मार्गदर्शक देताना जात पाहू नये. ही खैरात नव्हे, हक्क आहे!