पंडिता रमाबाई आणि दुष्काळातली मुले



आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. इंग्रजांच्या काळात मुर्रीसह हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता. १८९६-९७ साली आणि पुन्हा १८९९-१९०० साली या प्रांतात भीषण दुष्काळ पडला. पीक गेले, मजुरी गेली, माणसे गाव सोडून निघाली. कित्येक मुलांचे आईबाप वाटेतच गेले. अशा मुलींना सोबत नेण्यासाठी १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याहून एक विधवा स्त्री मध्य प्रांतात आली होती. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, हे आधीच सांगितलेले बरे. पण अनाथ मुलांचा विषय निघाला की महाराष्ट्रात त्यांचे नाव टाळता येत नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने रमेला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. घर असे नव्हतेच. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात उपासमारीने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे पाठोपाठ गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म, १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन. चोवीस वर्षांच्या आत एवढे सारे झाले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांनी व मनोरमेने स्नानसंस्कार घेतला. पुढे अमेरिकेत फिरून निधी जमवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. ते लवकरच पुण्याला हलले. तिथे वाद पेटला. सदनात धर्माची सक्ती नाही असे ठरले होते, पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचा हेतू शुद्ध होता असे आम्हाला वाटते. तरीही विश्वासाने मुलगी सोपवलेल्या आईबापांचा राग आम्हाला समजतो.

दुष्काळातल्या मुलींना तर काढून न्यायला कोणी नव्हतेच. मध्य प्रांतातून आणलेल्यांपैकी सुमारे ३०० मुली रमाबाईंनी स्वतःकडे ठेवल्या. काही मुले इतर मिशनच्या अनाथालयांत गेली. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवू देईनात, म्हणून त्यांना केडगावला नेले. तिथे रमाबाईंनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. सुरुवातीचा मुक्काम तंबू आणि झोपड्यांत. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून हजारावर मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुली लिहावाचायला शिकल्या, विणकाम, शेती, छपाई करू लागल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली गेली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले मराठी बायबल याच छापखान्यात छापले गेले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या होत्या. मनोरमा त्यांच्या आधीच, १९२१ मध्ये गेली.

रमाबाईंविषयी आपल्याला इतके ठाऊक आहे, कारण कागद जपले गेले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांची पत्रे सांभाळून ठेवली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी ती मुंबईत पुस्तकरूपाने छापून आणली. पण आपल्या प्रांतातून गेलेल्या त्या मुली चरित्रांतून बहुधा आकड्यातच भेटतात. मुलीचे गाव कोणते, आईने ठेवलेले नाव काय, सोबतचा भाऊ कुठे गेला? जीव वाचवण्याच्या घाईत हे विचारणे राहून जाते. रमाबाईंना निदान आपल्या आईचे नाव माहीत होते.

अन्यत्र हा प्रश्न फार उशिरा ऐरणीवर आला. १६ नोव्हेंबर २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी अनाथालयांत वाढलेल्या लाखो लोकांची जाहीर क्षमा मागितली. त्या संस्थांत आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्याही होत्या. म्हातारपणी ही माणसे संस्थांच्या दारी जाऊन आपलीच कागदपत्रे मागत होती.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांत १०९८ वर, पोलिसांना किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवणे सक्तीचे आहे. दयेपोटीही असे मूल परस्पर कोणाला देऊन टाकता येत नाही. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर स्वतः अर्ज करून आपल्या मुळाचा शोध घेता येतो. धर्मग्रामाच्या स्नानसंस्कार नोंदवहीतही दत्तक मुलाच्या नावापुढे दत्तक आईवडिलांची नावे लिहितात, आणि मुलकी दप्तरात जन्मदात्यांची नोंद होत असेल तर त्यांचीही.